चोर वायरीत, फाशी सेन्सरला: अवजड मशिनांवरचे इलेक्ट्रिकल कोड

क्रशरवरून ऑपरेटरचा फोन येतो तो बहुतेक असा: "साहेब, ऑइल प्रेशरचा सेन्सर गेलाय. येताना नवा घेऊनच या." सेन्सर गेला हे कशावरून, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "मीटरवर कोड आलाय ना, शंभर." शंभरच्या पुढे काय आहे? मग थोडा वेळ फोनवर नुसता डंपरचा आवाज. "चार होतं वाटतं. का तीन? थांबा, आता चावी बंद केलीय."

सगळी गंमत त्या 'चार का तीन'मध्ये आहे आणि नेमका तोच आकडा कुणी लिहून ठेवत नाही. शंभर एवढंच सांगतो की भानगड इंजिन ऑइलच्या प्रेशरच्या वाटेवर कुठंतरी आहे. ती वाट म्हणजे सेन्सर, त्याचा कपलर (वायरी जोडायचा प्लग), तीन वायरी, त्या वायरी जिथून वळतात त्या क्लिपा आणि ब्रॅकेट, आणि शेवटी इंजिनचा कॉम्प्युटर, ज्याला सगळे ईसीएम म्हणतात. पुढचा आकडा सांगतो की ईसीएमला त्या वाटेवर काय खटकलं. 'सेन्सर खराब आहे' असं दोघांपैकी कुठलाच आकडा म्हणत नाही. तरी साइटवर पहिला बळी सेन्सरचाच जातो, कारण तो सुटा मिळतो, पाच मिनिटांत निघतो आणि बदलल्यावर काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. तासावर भाड्यानं लावलेलं मशीन उभं असलं की मालकालाही तेच हवं असतं.

ही दोन आकड्यांची पद्धत आली कुठून ते थोडक्यात. बॉश कंपनीनं १९८६ साली 'कॅन' नावाची जोडणी जगापुढे आणली. गाडीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांनी दोन वायरींवरून आपसात बोलायचं, ही त्यामागची कल्पना. अमेरिकेतल्या एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेनं ट्रक आणि अवजड यंत्रांसाठी तिच्यावर एक बोली बसवली, तिचं नाव जे-१९३९. या बोलीत प्रत्येक मोजमापाला कायमचा नंबर आहे, त्याला एसपीएन म्हणतात. १०० म्हणजे ऑइल प्रेशर, ११० म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान, १०२ म्हणजे टर्बोचं बूस्ट प्रेशर, १६८ म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज. दुसरा आकडा एफएमआय, म्हणजे बिघाड कुठल्या जातीचा. तो ० ते ३१ मध्येच असतो आणि रोजच्या कामात त्यातले जेमतेम दहा भेटतात.

कंपन्या हेच आपापल्या वेषात दाखवतात. कॅटरपिलरच्या जुन्या मशिनांवर एसपीएनच्या जागी सीआयडी असतो, कोमात्सूच्या डिस्प्लेवर इंजिनचे कोड 'सीए'नं सुरू होतात, कमिन्सचे स्वतःचे तीन आकडी कोड आहेत. कमिन्सचे १३५ आणि १४१ म्हणजे आपले शंभर-तीन आणि शंभर-चारच. त्यामुळे पोकलेन असो, बॅकहो असो की ग्रेडर, विचार करायची रीत एकच राहते. (आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा एक्स्कॅव्हेटर 'पोकलेन'च असतो. एका फ्रेंच कंपनीचं नाव इतकं मुरलंय की शोरूममध्येसुद्धा लोक दुसऱ्या कंपनीचं पोकलेन मागतात.)

एफएमआयची यादी पाठ करायची गरज नाही. त्यातले दोन गट डोक्यात पक्के झाले तरी पुष्कळ.

पहिल्या गटात ईसीएमचा सेन्सरवर विश्वास असतो. शंभर-एक आला तर ईसीएम म्हणतंय की सेन्सर धड आहे, वायरी धड आहेत आणि ऑइलचं प्रेशर खरोखरच धोक्याच्या खाली गेलंय. शंभर-अठरा म्हणजे तेच, जरा सौम्य. एकशेदहा-शून्य म्हणजे पाणी खरोखर उकळीला आलंय, एकशेदहा-सोळा म्हणजे त्या वाटेवर आहे. इथं मल्टिमीटर नंतर. आधी इंजिन बंद, मग डिपस्टिक, आणि तरी शंका असेल तर सेन्सरच्या जागी काट्याचा गेज लावून खरं प्रेशर बघायचं. शंभर-एक आल्यावर "सेन्सरचा लोचा असेल" म्हणून ट्रिप पूर्ण करणाऱ्यानं बेअरिंगांची आणि क्रँकची राखरांगोळी केलेली मी पाहिली आहे.

दुसऱ्या गटात ईसीएमचा विश्वासच उडालेला असतो. तीन म्हणजे व्होल्टेज नको तितकं वर, चार म्हणजे नको तितकं खाली. पाच म्हणजे करंट जातच नाही, सहा म्हणजे फार जातोय. हे दोन जास्त करून सोलेनॉइडवर, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हच्या कॉइलवर येतात. दोन म्हणजे आकडा नाचतोय. हेच खरे इलेक्ट्रिकल कोड. यात ऑइलचं प्रेशर किती आहे हे ईसीएमला ठाऊकच नसतं.

ईसीएमला हा फरक कळतो कसा? हा भाग मला या सगळ्यात सर्वांत देखणा वाटतो. प्रेशर सेन्सरला तीन वायरी असतात: एक ५ व्होल्ट सप्लाय, एक अर्थ, एक सिग्नल. आता प्रेशर शून्य असताना सिग्नल ० व्होल्ट आणि पूर्ण प्रेशरला ५ व्होल्ट अशी सोय केली असती, तर वायर तुटलीय का प्रेशरच संपलंय, हे कधीच कळलं नसतं. म्हणून साधारण शून्य प्रेशरला ०.५ व्होल्ट आणि पूर्ण प्रेशरला ४.५ व्होल्ट ठेवतात. वरचा नि खालचा अर्धा-अर्धा व्होल्ट मुद्दाम मोकळा सोडलेला असतो, शेताच्या बांधासारखा. धडधाकट सेन्सर त्या बांधावर कधी पाऊल ठेवत नाही. सिग्नल पार खाली, शून्याजवळ दिसला की ईसीएम म्हणतं हे प्रेशर असूच शकत नाही, आणि चार टाकतं. पार वर, ५ व्होल्टजवळ दिसला की तीन. नेमकी हद्द कंपनीगणिक थोडी हलते.

तापमानाच्या सेन्सरला दोनच वायरी. तो म्हणजे एक रेझिस्टन्स, गरम झाला की कमी होणारा. वायर तुटली की रेझिस्टन्स अनंत, म्हणजे ईसीएमच्या लेखी प्रचंड थंडी. नागपूरच्या मे महिन्यात मशीन चालू आहे आणि कोड वाचायला जोडलेल्या टॅबवर इंजिनचं पाणी उणे ४० दाखवतंय, असं दिसलं की समजायचं सर्किट उघडं पडलंय. उणे ४० हा जे-१९३९मध्ये त्या मोजमापाचा तळच आहे, त्याखाली आकडा जाऊ शकत नाही. उलट दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर तोच सेन्सर पाणी पेटल्यासारखा आकडा दाखवेल आणि कोड येईल चार.

एवढं कळलं की सेन्सर न बदलता त्याचा न्याय करता येतो. चावी ऑन, इंजिन बंद. कोड शंभर-चार आहे असं धरू. सेन्सरचा कपलर काढायचा आणि डिस्प्लेकडे बघायचं. बऱ्याच ईसीएममध्ये सिग्नलची वायर आतून ५ व्होल्टकडे ओढून धरलेली असते, त्यामुळे कपलर निघाल्यावर सिग्नल वर जायला हवा आणि चारचा तीन व्हायला हवा. झाला, तर सिग्नलची वायर आणि ईसीएम दोघंही शुद्धीवर आहेत. नाही झाला, चारच राहिला, तर सिग्नलची वायर कुठंतरी बॉडीला लागलीय. नवा सेन्सर खोक्यातच राहू दे.

पण चारचा तीन झाला म्हणून लगेच सेन्सर फेकायचा नाही. इथं पुष्कळजण घसरतात. सेन्सरला ५ व्होल्ट पोहोचलेच नाहीत तरी तो बिचारा सिग्नल खालीच ठेवतो. म्हणून काढलेल्या कपलरमध्ये सप्लाय आणि अर्थ यांच्यात ५ व्होल्ट मिळतात का ते मोजायचं. मिळाले, तर मात्र सेन्सर दोषी.

कोड मुळात शंभर-तीन असेल तर उलटी परीक्षा. कपलरमध्ये सिग्नल आणि सेन्सरचा अर्थ या दोन पिना बारीक जंपरनं, म्हणजे वायरीच्या तुकड्यानं जोडायच्या. कोड चार झाला तर दोन्ही वायरी ईसीएमपर्यंत शाबूत आहेत आणि दोष सेन्सरकडे जातो. तीनच राहिला तर बहुतेक त्या दोघींपैकी एक तुटलेली आहे. जंपर लावण्याआधी कपलरचं चित्र पुस्तकात बघायचंच, कारण चुकून २४ व्होल्टची वायर या पिनेला लागली तर ईसीएमच्या किमतीचा धडा मिळतो. आणि काही सर्किटांत सिग्नल आतून खाली ओढलेला असतो. तिथं कपलर काढल्यावर तीनऐवजी चार येतो, आणि परीक्षा उलट्या बाजूनं घ्यावी लागते. हेही पुस्तकातच मिळतं.

आता एक प्रसंग. पावसाळा संपल्यावर एका खाणीतलं पोकलेन दम सोडून चालत होतं. ऑइल प्रेशर चार, बूस्ट प्रेशर चार, आणखी एक चार. मी पोहोचेपर्यंत दोन नवे सेन्सर बसवून झाले होते आणि तिसऱ्याची ऑर्डर गेली होती. त्या गर्दीत शेवटी एक कोड होता त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं: ३५०९-४. हा नंबर कुठल्या सेन्सरचा नाही. ईसीएम सेन्सरांना जे ५ व्होल्ट पुरवतं, त्या पुरवठ्याचा आहे.

सोसायटीच्या एका पाइपवर सहा फ्लॅट असतात आणि तळमजल्याचा नळ फुटला की वरच्या सगळ्यांची बोंब सुरू होते. प्लंबरनं वरच्या मजल्यावरचे नळ बदलून काय होणार? इथंही तेच. एकाच ५ व्होल्टवर अनेक सेन्सर असतात आणि त्यातल्या एकाची सप्लाय वायर इंजिनला लागली की सगळे एकदम आजारी दिसतात. म्हणून एकाच वेळी तीन-चार सेन्सर 'गेले' तर ते गेलेले नसतातच. त्यांच्यात समाईक काय आहे ते शोधायचं.

आम्ही त्या सप्लायवरचे सेन्सर एकेक करून काढत गेलो. एखादा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले असते तर तोच आतून शॉर्ट ठरला असता. सगळे काढले तरी मीटरवर शून्यच. म्हणजे चोर वायरिंगमध्ये. मग मीटर लावून ठेवला आणि हेल्परला वायरिंग हातानं हळूहळू हलवत यायला सांगितलं. इंधनाच्या फिल्टरमागे एका वळणावर हात पडला आणि काटा, म्हणजे आकडा, शून्यावरून पाचवर उडाला. प्लास्टिकची क्लिप तुटून वायरिंग ब्रॅकेटच्या कडेला घासत होतं. इन्सुलेशन सोलून तांबं दिसत होतं, जेमतेम भाताच्या शितएवढं. वायरीवर चढवायची स्लीव्ह, नवी क्लिप, झालं. जुने दोन्ही सेन्सर परत बसवले, दोन्ही चांगले निघाले. इलेक्ट्रिकल पार्ट दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे नवे आजही मालकाच्या कपाटात आहेत.

सप्लायइतकाच लबाड प्रकार अर्थचा. समजा कोड १६८-चार आहे, बॅटरीचं व्होल्टेज कमी. सेल्फ मारला की डिस्प्ले विझतो, पुन्हा उजळतो, आणि त्या क्षणी दहा-बारा कोड एकदम नोंदले जातात. लोक बॅटरीची जोडी बदलतात. २४ व्होल्टच्या मशीनवर १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, खर्च चांगलाच लागतो. आणि नवी जोडी टाकल्यावर काही दिवस बरं चालतंही, कारण ताजी बॅटरी खराब जोडणीतूनसुद्धा ढकलून नेते.

इथं ओम मोजून काही कळत नाही, त्याचं गणित बघा. सेल्फ ३०० अँपिअर खेचतोय आणि गंजलेल्या अर्थच्या जोडणीत ०.०१ ओम रेझिस्टन्स आहे. गुणाकार केला तर ३ व्होल्ट त्या एका बोल्टवरच खर्च होतात. पण ०.०१ ओम साध्या मल्टिमीटरवर दिसणारच नाही, त्याच्या स्वतःच्या वायरीच त्याहून वीस-तीसपट असतात. म्हणून जोडणीतून करंट वाहत असताना तिच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट पडतात ते मोजायचं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटीवर; दुसरं इंजिन ब्लॉकच्या घासलेल्या जागी; आणि सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर ठीक. दोन-तीन व्होल्ट आले तर अर्थचा बोल्ट उघडून रंग, गंज, ग्रीस साफ करायचं. नव्यानं रंगवून आलेल्या जुन्या मशिनांवर हे हमखास मिळतं: चकचकीत पिवळा रंग अर्थच्या लगखालीसुद्धा, म्हणजे केबलच्या टोकाच्या कडीखाली.

हाच न्याय पॉवरच्या वायरीला. सोळा तारांतली एकच शिल्लक असलेली वायर मीटरवर बिनदिक्कत २४ व्होल्ट दाखवते, पण काम करायला लावलं की मान टाकते. तिथं २४ व्होल्टचा बल्ब लावून बघावा. फक्त हा बल्ब सेन्सरच्या आणि ईसीएमच्या सिग्नल वायरींना लावायचा नाही, तो तिथं नको इतका करंट ओढतो.

मशीनचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलणंच बंद करतात तेव्हा एसपीएन ६३९चे किंवा एफएमआय नऊ वा एकोणीसचे कोड येतात. याची लोकांना उगाच भीती वाटते. कॅनच्या दोन वायरी एकमेकींभोवती पीळ दिलेल्या असतात, जे-१९३९च्या रीतीप्रमाणे पिवळी हाय आणि हिरवी लो. मुख्य लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओमचे दोन रेझिस्टर असतात. बॅटरी तोडून डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये त्या दोन पिनांत मोजलं तर ६० ओम यायला हवेत, कारण १२० चे दोन समांतर. १२० आले तर एक टोक तुटलंय किंवा एक रेझिस्टर गायब आहे. शून्याजवळ आले तर दोघी एकमेकींना चिकटल्यात. ४० आले तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर जास्तीचा लावलाय. एकदा जीपीएस बसवणाऱ्याचा उद्योग निघाला होता. मशीन चालू असताना अर्थपासून मोजलं तर हाय अडीच व्होल्टच्या थोडं वर, लो थोडं खाली, आणि दोघांची बेरीज पाचच्या आसपास असते. नऊ पिनांच्या गोल सॉकेटमध्ये या वायरी सहसा सी आणि डी पिनांवर मिळतात, पण सगळ्या कंपन्यांत नाही.

मोजताना आपण नवा बिघाड घालतो तो वेगळाच. मल्टिमीटरची जाड सुई कपलरच्या मादी पिनेत खुपसली की पिन कायमची फाकते. आज कोड जातो आणि आठवड्यानं, मशीन खडकावर थरथरलं की परत येतो, तोही येत-जात. वायरीला टोचून मोजणं त्याहून वाईट. त्या भोकातून पाणी शिरतं आणि तांब्याच्या तारांमधून केशवाहिनीसारखं दूरवर जातं. कोकणातल्या पावसाळ्यानंतर अशी वायर सोलली की आत हिरवी भुकटी निघते. कपलरच्या मागच्या बाजूनं बारीक पिन सरकवून मोजावं.

कपलरवर प्रेशरचं पाणी मारणं, बकेटचे दात वेल्डिंग करताना अर्थचा क्लॅम्प ट्रॅकला लावणं, बॅटरी न तोडता वेल्डिंग सुरू करणं, हे साइटवरचे नेहमीचे गुन्हेगार. वेल्डिंगआधी बॅटरीचा मेन स्विच बंद, मायनस सुटा, शक्य तर ईसीएमचे कपलर काढलेले, आणि क्लॅम्प जोडाच्या वीतभर अंतरात. चार महिने उभ्या राहिलेल्या मशीनवर आणखी एक संशयित असतो, उंदीर. केबिनखाली, सीटच्या मागे, जिथं वायरिंगचा मोठा जुडगा उबदार पडलेला असतो तिथं आधी टॉर्च मारावा. लेंड्या दिसल्या की पुस्तक उघडायच्या आधीच अर्धं काम झालेलं असतं.

राहता राहिले जुने कोड. ईसीएम चालू कोड वेगळे ठेवतं आणि येऊन गेलेले वेगळे, शिवाय कोड किती वेळा आला तेही मोजतं. बऱ्याच मशिनांवर कितव्या तासाला आला तेही मिळतं. एकदाच आलेला कोड कुणीतरी चावी ऑन असताना कपलर काढल्याचा असू शकतो. शंभर वेळा आलेला आणि आता बंद असलेला कोड म्हणजे सैल पिन किंवा घासणारी वायर. हे सगळं टॅब जोडून पहिल्याच मिनिटाला 'क्लिअर' दाबणारा माणूस पुसून टाकतो. म्हणून हल्ली ऑपरेटरला फोनवर एकच सांगतो: चावी बंद करायच्या आधी डिस्प्लेचा फोटो काढ, दोन्ही आकडे दिसतील असा, आणि त्या वेळी मशीन काय करत होतं ते सांग. परवा एकानं फोटोबरोबर लिहिलं होतं, "बूम वर घेतला की येतो, खाली ठेवला की जातो." मी सेन्सर घेतला नाही, फक्त स्लीव्ह आणि टॉर्च घेतला.